दुपारचा मायकल

आमच्या चर्चमध्ये माणसं कमी आणि सेवा जास्त. रविवारी मिस्सेला मोजून साठ-पासष्ट डोकी, त्यातली दहा-बारा कडेवरची. पण सेवा बघाल तर गायनसेवा आहे, वाचनसेवा आहे, फुलांची सेवा, झाडलोट, आजाऱ्यांच्या भेटी, आणि लग्नाआधीचं मार्गदर्शनसुद्धा. लग्न वर्षातून एखादंच होतं, तरी मार्गदर्शनाला तिघं आहेत. फादर विशाल रोह्याहून येतात. तरुण आहेत, त्यांना वाटतं प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम हवं. माझ्या हाताला मात्र त्यांच्या आधीच्या फादरांनी मरण देऊन ठेवलं होतं.

म्हणजे सांत्वन समूह. नऊ वर्षं झाली त्याला, आणि नऊ वर्षं मीच त्याची प्रमुख आहे. मी बिबियाना मार्तिस, तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे गावाला मी बिबीबाई. शिस्तीची आहे आणि तोंडाची फटकळ आहे. सांत्वनाला अशी बाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण रडणाऱ्या घरात कोणीतरी एक न रडणारं लागतं, पाणी कुठे, चादरी कुठे, शववाहिका किती वाजता, हे बघायला. ते मला जमतं.

काम असं चालतं. कोणाकडे मरण झालं की आम्ही त्याच संध्याकाळी जातो, मग सातव्या दिवशी, मग महिन्याने. हमरापूरचा जगन त्याच्या मिनीडोर टेम्पोमधून आम्हाला आणि वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना नेऊन सोडतो. तो गणपतीच्या कारखानदारांच्या घरातला, आमचा कोणी नव्हे, पण आमच्या पोरांपेक्षा त्याला प्रार्थना जास्त पाठ आहेत. सुरुवातीला रोह्याला आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. दिशा नावाच्या समुपदेशक मुलीने फळ्यावर लिहून दिलं: सल्ला देऊ नका, उपदेश करू नका, आपल्या पदरचं काही घालू नका, फक्त ऐका. मी ते घोकून घेतलं आणि पुढे सगळ्यांकडून घोकून घेतलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. त्याच्या आधी आम्ही घरोघर फिरून मेलेल्यांची नावं गोळा करतो. मी ती माझ्या अक्षरात उतरवते आणि सिमेत्रीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, मेणबत्त्या लावून झाल्या की, मोठ्याने वाचते. एकेका नावामागे सगळे म्हणतात, “प्रभू, त्याला विसावा दे.” दोनशे-अडीचशे नावं असतात. विसाव्या नावानंतर माणसं शब्द म्हणत नाहीत, शब्दच माणसांना म्हणायला लागतात. समोर खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, त्यात सोडलेलं पाणी, पाण्यात उतरलेलं आभाळ, आणि आवाज खालून येतोय की वरून ते कळेनासं होतं. मला तो तास फार आवडतो. आवडायचा.

आता फ्लोराबद्दल सांगते. फ्लोरा माझ्या घरापासून चौथ्या घरात, बांधाकडे, राहते. जन्म मिठागरात काम करण्यात गेला. नवरा पास्कू आठ वर्षांमागे वारला. मुलगा एकच, मायकल. तिसरीत तो माझ्या वर्गात होता. शांत पोरगा, उशिरा यायचा आणि दारात उभा राहायचा, मी बघेपर्यंत आत यायचा नाही. मोठा झाल्यावर डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागला. सात वर्षांमागे, नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, त्याची सुट्टी होती, भल्या पहाटे होडी घेऊन तो खाडीत मासे मारायला गेला. दोन दिवसांनी होडी तिवरांत अडकलेली सापडली. आत त्याचा डबा होता, न उघडलेला. मायकल नव्हता. आठ दिवस लोकांनी शोधलं. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले. तो चोवीस वर्षांचा होता.

देह नाही, म्हणून दफन नाही. दफन नाही म्हणून मिस्सा नाही, आणि मरण झालेलं नाही म्हणून आमचा समूहही तिच्याकडे गेला नाही. फ्लोराने काळी साडी नेसली नाही, आणि नाताळला करंजीही तळली नाही. नावं गोळा करायला दर वर्षी मी तिच्या घरी जायची. ती चहा द्यायची, पास्कूचं नाव सांगायची, आणि पुढे गप्प बसायची. मी वही मिटून उठायची.

या वर्षी मी वही मिटली, पण घरी आल्यावर पुन्हा उघडली. सात वर्षं झाली की सरकारसुद्धा माणूस मेला असं धरतं. मग चर्चने का धरू नये? बिचारीच्या तोंडून ते निघत नाही, तिच्या वतीने कोणीतरी म्हणायला हवं, एकदा म्हटलं गेलं की मोकळी होईल. असं माझं शहाणपण. पास्कूच्या खाली मी सुरेख अक्षरात लिहिलं: मायकल पास्कू रोचा.

दोन तारखेला मी वाचलं. लोक लयीत होते. कोणी डोळेही उघडले नाहीत, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “प्रभू, त्याला विसावा दे.” माझं मलाच भरून आलं. मग मी वर बघितलं. फ्लोराने हातातली मेणबत्ती पास्कूच्या क्रूसापाशी ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांच्या मधून चालत फाटकाबाहेर गेली. पुढची शंभर नावं मी कशी वाचली ते मला आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नऊ दिवस ती कोणाशी बोलली नाही. दहाव्या दिवशी दुपारी माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“तू त्याला त्यांच्यात नेऊन बसवलंस,” ती म्हणाली.

“फ्लोरा, अगं सात वर्षं झाली...”

“मला वरसं नको शिकवू. मी तुझ्या शालंत नाय.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तो माझ्याकडं यायचा. पहाटं डोला लागला की दारात उभा. गुडघ्यापतूर वला. रोज नाय, पन यायचा. तू नाव घेतलंस त्या दिसापासनं आला नाय. मी लवकर निजते, उशिरा उठते, कूस बदलते, नाय येत. आन त्याला परत.”

“मी कशी आणू गो?”

“तूच धाडलास ना? मंग तूच आन.”

मी रविवारी फादरना गाठलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “केलेली प्रार्थना मागे घेता येत नाही, बिबीबाई. पण कुठलीच प्रार्थना वायाही जात नाही.”

“फादर, ही वाया गेली असती तर बरं झालं असतं,” मी म्हटलं, आणि घरी आले.

मी स्वप्नांवर विश्वास ठेवणारी नाही. जेवण झालं की ओटीवर चटई टाकून मी अर्धा तास पडते, गजर लावून. त्या सोमवारीही पडले. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत होता. बांधावर कोणी कोणाला हाक मारत होतं, ती हाक लांबत लांबत गेली आणि संपेचना. आणि मग मला दिसलं की स्वयंपाकघराच्या दारात मायकल उभा आहे. गुडघ्यापर्यंत ओला, पण खाली फरशी कोरडी. पाणी गळत होतं आणि पोचत नव्हतं. तिसरीतला होता तसाच उभा होता, मी आत ये म्हणायची वाट बघत, आणि त्याच वेळी तो मोठाही होता, दाढी वाढलेला. निळा सदरा. मी त्याला आत ये म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता. गजर वाजला.

मी तशीच उठले, चप्पलसुद्धा न घालता फ्लोराकडे गेले. मला दुसरं काही सुचलंच नाही. माझ्याकडे आला होता, मी म्हटलं.

तिने माझं मनगट धरलं. सदरा कुठला? दाढी होती का? डाव्या भुवईवर खोक होती? सुकला होता का? मी सगळं सांगितलं. काय करत होता, तिने विचारलं. काही नाही, म्हटलं, नुसता गप्प उभा होता. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “म्हंजे हाय. घर चुकलाय नुसता.” त्या दिवशी ती भात जेवली, हे मला नंतर तिच्या शेजारच्या धोंडुबाईने सांगितलं. गेले कित्येक दिवस ती नुसती पेज पीत होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी चारला फ्लोरा माझ्या ओटीवर येऊन बसली. हात मांडीवर, पाय जुळवलेले, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी. मी दुपारभर झोपले होते आणि मला काळं कुत्रंसुद्धा दिसलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे बघून माझी जीभ आपसूक वळली.

“आला होता,” मी म्हटलं.

“काय म्हनला?”

आता एकदा आणला म्हटल्यावर त्याला काहीतरी बोलायला नको? “विहिरीजवळच्या माडाला नारळ धरले का, विचारत होता.”

ती हसली. सात वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. “धरलंत की. सांगायचं ना त्याला.”

मग हे रोजचंच झालं. चार वाजता फ्लोरा, चहा, आणि मायकल. तेहेतीस वर्षं मी पोरांचे निबंध तपासले, स्वतः एकही लिहिला नव्हता. आता रोज एक लिहू लागले, तोही तोंडी. सुरुवातीला सोपं सोपं सांगायची. बोंबलाच्या चटणीची आठवण काढली, केस कापायला झालेत म्हणाला, असं. पुढे पुढे मला धीर आला. खाडीच्या तळाशी एक गाव आहे, मी सांगितलं, तिथे कायम ओहोटीची वेळ असते, त्यामुळे माणसं या घरातून त्या घरात चालतच जातात. घरांना दारं नाहीत. बुडालेल्या होड्या तिथे उलट्या टांगलेल्या असतात आणि त्यांच्या सावलीत म्हातारे बसतात. पास्कू भेटतो का, फ्लोराने विचारलं. कधी कधी, मी म्हटलं. विड्या ओढतो अजून? ओढतो, पण तिथे त्या पेटत नाहीत. फ्लोरा पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिने डोळे पुसले.

खरं सांगायचं तर मलाही त्याची सवय झाली. दुपारी चटईवर पडले की मी गजर लावायचं सोडून दिलं. पडल्या पडल्या वाट बघायची. आज तरी येशील का रे, मी मनात म्हणायची, मला एक खरा शब्द दे, म्हणजे मला रचावं लागणार नाही. उन्हाचा पट्टा सरकायचा, बांधावरचे आवाज लांब जायचे, आणि झोपेच्या आणि जागेच्या मधल्या त्या पाण्यात मी नुसती तरंगत राहायची. मला मूलबाळ नाही. चोवीस वर्षांचा माणूस घरात कसा वावरतो, काय मागतो, कशावरून चिडतो, हे मी त्या महिन्यात पहिल्यांदा मनाशी जुळवलं. तो आला मात्र नाही. एकदाच आला होता तेवढाच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डोलवीला एका घरी सातव्या दिवसाला गेलो. घरातला कर्ता माणूस गेला होता. आमच्यात भूमिका नावाची नवी मुलगी आहे, मनाने फार मऊ. ती त्या विधवेला म्हणाली, “काकू, मला वाटतं काका आता इथेच कुठेतरी बसलेत, तुमच्याकडे बघून हसताहेत.” मी तिला तिथून उठवून मिनीडोरपाशी नेलं आणि असं झाडलं की विचारू नका. तुला काय दिसलं? कोण हसलं? आपल्या पदरचं घालायचं नाही हे किती वेळा सांगायचं? दुःख त्यांचं आहे, त्यात तू तुझी मिठाई का वाटतेस? भूमिका रडायला लागली.

जगन खुर्च्या चढवत होता. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. “बाई,” तो म्हणाला, “तिला बोलताय का सोताला?”

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो सहज म्हणाला होता. पण माझे कान तापले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परतीच्या वाटेवर मी भूमिकाची माफी मागितली. ती म्हणाली, “नाही बाई, तुमचंच बरोबर होतं.” त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

त्या रात्री मी ठरवलं की सांगून टाकायचं. आणि मग आठ दिवस सांगितलं नाही. कारण सांगितलं की काय होणार ते दिसत होतं. एकदा यादीत नाव वाचून मी तिचा मायकल तिच्याकडून घेतला होता. आता खोटं कबूल केलं की दुसऱ्यांदा घेणार होते, आणि या वेळी उरणारही काही नव्हतं. ती पुन्हा पेजेवर येईल. किंवा पेजही सोडेल. आणि नाही सांगितलं तर? तर मी मरेपर्यंत एका आईला तिच्या मुलाच्या नावाने फसवत राहणार, रोज चारला, चहाबरोबर.

शेवटी एका शुक्रवारी ती आली, बसली. मी कप तिच्यापुढे ठेवला आणि माझा हातात न घेताच म्हटलं, “फ्लोरा, तो येत नाही.”

तिने फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

“तो एकदाच आला होता. ते खरं. पुढचं सगळं मी रचलं. ते गाव, त्या विड्या, सगळं. तू उपाशी होतीस, मला राहवलं नाही. पहिलं पाप माझंच होतं, ते झाकायला मी दुसरं केलं. तू मला मार, शिव्या दे, पुन्हा या दारात येऊ नकोस.” मी हे बोलता बोलता रडत होते. मी, जी कोणाच्या मयताला रडले नाही.

“मला ठाव हाय,” फ्लोरा म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही.

“दुसऱ्या दिसापासनं ठाव हाय. पयल्या दिसाचा खराच व्हता. गप उभा व्हता म्हनलीस ना, तवाच मी वलखलं. तसाच तो. सात वरसं माझ्याकडं आला, एक शबुद नाय बोलला. मी इचारायची, भूक लागली का, थंडी वाजते का. नुसता बघायचा. आन तुझ्याकडं दुसऱ्याच दिशी माडाची चवकशी करायला लागला?” ती थोडी हसली. “मास्तरीणबाय, पोरान्ला बोलकं करायची तुझी खोड.”

“मग तू रोज का येत होतीस?”

तिने कप खाली ठेवला. ती खाजणाकडे वळली. पाणी स्थिर होतं, त्यात एक बगळा स्वतःच्याच पायांवर उलटा उभा होता.

“पास्कू गेला तवा तुमी सगली आलाव,” ती म्हणाली. “त्या इस खुर्च्या घेऊन. लोकं बसली, त्याच्या गोष्टी काढल्या, तो कसा भांडायचा, कसा नाचायचा. मी रडले, हसले, जेवले. मायकल गेला तवा कोन आलं? एक खुर्ची नाय आली माझ्या दारात. मी पान्याला गेले का बाया गप. मी दुकानात गेले का गप. सात वरसं माझ्याम्होरं कोनी त्याचं नाव काढलं नाय, मला वाईट वाटंल म्हनून. तू खोटं बोलायचीस गो बिबी, पन त्याचं बोलायचीस. रोज धा येला त्याचं नाव घ्यायचीस. म्हनून यायची.”

मला तोंड वर करवेना. नऊ वर्षं मी गावभर खुर्च्या नेल्या, आणि चौथ्या घराशी मला जाता आलं नाही, कारण तिथलं मरण नियमात बसत नव्हतं.

“आन एक ऐक,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कडक झाला. “तो गेला ते मला ठाव हाय. मी काय येडी हाय? डबा तसाच घरी आला तवाच ठाव झालं. पन ते माझ्या तोंडानं निघायचं व्हतं. तुझ्या नाय. ते तू माझ्याकडनं घेतलंस. ते मी इसरनार नाय.”

“विसरू नको,” मी म्हटलं.

“नाय इसरनार.” तिने पदराने कप पुसला, उगीचच. मग ती भिंतीला टेकली आणि पाय लांब केले. आजपर्यंत माझ्या ओटीवर ती कधी अशी बसली नव्हती. “आता तू गप बस. मी सांगते. तुला त्याचं काय बी ठाव नाय. बोंबलाची चटनी म्हनं. बोंबलाचा वास आला का तो घरातनं पलायचा.”

मी डोळे पुसले.

“तो जलमला तवा मिठाचे दिस व्हते,” फ्लोरा सांगू लागली. “मी बांधावर व्हते, डोईवर पाटी. पास्कू कोनाच्या तरी लग्नात. कल सुरू झाली आन पाटी टाकायला जागा नाय, सगलीकडं मीठच मीठ.”

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

“मग?” मी विचारलं.